गाडीचा विमा : कोणता कागद कोणत्या कामाचा?

मालेगावचा साडीवाला असो, भिवंडीचा यंत्रमागवाला असो की मिरजेचा तंतुवाद्ये बनविणारा कारागीर, आज बहुतेकांच्या दारात एखादे वाहन उभे असते. कोणाकडे मोटार, कोणाकडे छोटा टेम्पो, तर कोणाकडे नुसती मोटारसायकल. दुकानाच्या भाड्याचा करार आपण दोनदा वाचून सही करतो. परंतु गाडीच्या विम्याचा कागद एजंटाने हातात दिला की तसाच गाडीच्या खणात टाकतो. पोलिसाने अडविले तर दाखवायला काहीतरी आहे, एवढ्यावर आपले समाधान होते. हा कागद कोणाचे नुकसान भरून देतो आणि कोणाचे देत नाही, याचा उलगडा मग अपघात झाल्यावर होतो. तोवर वेळ निघून गेलेली असते.

विम्याच्या शरई बाजूविषयी वाचकांनी आपापल्या उलेमांना विचारावे. येथे आपण कायदा आणि व्यवहार एवढेच पाहू. कारण विम्याचा एक भाग असा आहे की तो घ्यावा की न घ्यावा, हे कायद्याने आपल्यावर सोडलेलेच नाही.

थर्ड पार्टी : दुसऱ्याचे नुकसान

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. पुढच्या गुन्ह्याला दंड ४,००० रुपये. आपल्या गाडीने दुसऱ्या माणसाचा मृत्यू झाला, त्याला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेची हानी झाली, तर ती भरपाई या विम्यातून दिली जाते. मृत्यू व शारीरिक इजेच्या बाबतीत कंपनीच्या जबाबदारीला रकमेची मर्यादा नाही. मालमत्तेच्या हानीसाठी मात्र मोटारीला साधारणपणे साडेसात लाखांची व दुचाकीला एक लाखाची मर्यादा असते.

याचा हप्ता कंपनी आपल्या मर्जीने ठरवीत नाही, सरकार ठरविते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला १६,०४९ रुपये असा हप्ता होता. त्यावर कर वेगळा. टेम्पोवाल्याला ही रक्कम जड वाटते. पण समोरची बाजूही पाहावी.

समजा, ३० वर्षांचा, महिना २०,००० रुपये कमावणारा स्वतंत्र धंद्यातला माणूस आपल्या गाडीखाली दगावला आणि त्याच्यामागे बायको, दोन मुले व आई असे चौघे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ च्या निकालांत घालून दिलेल्या पद्धतीने हिशेब असा होतो : पुढील वाढीसाठी ४० टक्के मिळवून उत्पन्न २८,००० धरायचे, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून २१,००० उरतात, वर्षाचे झाले २,५२,०००, त्या वयाचा गुणक १७. म्हणजे ४२,८४,००० रुपये, आणि शिवाय इतर किरकोळ बाबी व व्याज. विमा नसेल तर ही रक्कम दुकान, कारखाना व घर विकून द्यावी लागते. अपघात दावा न्यायाधिकरण गाडीमालकाची ऐपत पाहून आकडा कमी करीत नाही.

‘फुल इन्शुरन्स’ : स्वतःच्या गाडीचे नुकसान

थर्ड पार्टी विम्यातून आपल्या स्वतःच्या गाडीसाठी एक पैसाही मिळत नाही. गाडी चोरीस गेली, जळाली, पुरात बुडाली, दंगलीत फोडली गेली, तरी नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा घ्यावा लागतो. तो थर्ड पार्टीबरोबर एकत्र घेतला की त्याला पॅकेज पॉलिसी किंवा बोलीभाषेत ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात. सप्टेंबर २०१९ पासून तो स्वतंत्रपणेही घेता येतो. यात अपघात, आग, चोरी, पूर, भूकंप, दरड, दंगल, संप, समाजकंटकांनी केलेली नासधूस आणि दहशतवादी कृत्य ही कारणे येतात. २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चे कोल्हापूर-सांगली किंवा २०२१ चे चिपळूण ज्यांनी पाहिले, त्यांना या यादीचे मोल सांगायला नको.

तथापि ‘फुल’ या शब्दावर विसंबू नये. तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली, विम्याची रक्कम. गाडीच्या शोरूम किमतीतून वयानुसार घट करून ती धरतात. प्रचलित तक्त्यात ही घट दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के आहे. सहा लाखांची मोटार साडेतीन वर्षांची झाली की तिची विमा किंमत ३,६०,००० रुपये. चोरी झाली तर फार तर एवढीच रक्कम मिळते. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे २,७०,००० च्या पुढे गेला, तर गाडी पूर्ण निकामी धरून हिशेब होतो. हप्ता वाचावा म्हणून एजंट ही किंमत कमी दाखवीत असेल, तर त्या बचतीचा फटका दाव्याच्या दिवशी आपल्यालाच बसतो.

दुसरी, सुट्या भागांची घट. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून निम्मी रक्कम कापली जाते. फायबरच्या भागांतून ३० टक्के. काचेतून काही नाही. ही कपात टाळण्यासाठी जादा हप्ता भरून ‘झिरो डेप’ घेता येते. नव्या गाडीला ते परवडते, जुन्या गाडीला बहुधा मिळत नाही.

तिसरी, पाण्यात बंद पडलेले इंजिन. पुरात गाडी बुडाली तर विमा आहे. पण पाण्यात उभ्या गाडीची चावी पुन्हा पुन्हा फिरविल्याने इंजिन बिघडले, तर कंपनी तो बिघाड मालकाच्या कृतीचा मानते. त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण असते. ते नसेल तर चावी न फिरविता गाडी ओढून न्यावी.

खाजगी मोटारीत धंद्याचा माल

व्यापाऱ्यांची सर्वांत मोठी गफलत येथे होते. खाजगी मोटारीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ अशा मथळ्याखाली चार ओळी असतात. भाड्याने वापर आणि मालाची ने-आण, या दोन्ही गोष्टी त्यात वगळलेल्या असतात. नमुने आणि स्वतःचे सामान एवढीच सूट आहे. साड्यांचे दहा नमुने घेऊन गिऱ्हाइकाकडे जाणे निराळे, आणि मागची सीट काढून गाठोडी भरणे निराळे. तसेच लग्नसराईत ओळखीच्या माणसाला पैसे घेऊन मोटार देणे म्हणजे भाड्याचा वापर झाला. अशा फेरीत अपघात झाल्यास कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते. समोरच्या जखमीला न्यायाधिकरण कंपनीकडून पैसे देववील, परंतु तेच पैसे मालकाकडून वसूल करण्याची मुभाही कंपनीला देऊ शकते. गाडीचा रोजचा उपयोग माल नेण्यासाठीच असेल, तर मालवाहू म्हणून नोंदलेली गाडी आणि तिची पॉलिसी हाच सरळ मार्ग आहे. ती महाग पडते, पण पडत्या काळात उभी राहते.

माल, हमाल आणि ड्रायव्हर

टेम्पोची पॉलिसी टेम्पोची असते, आतल्या मालाची नसते. गाडी उलटून दोन लाखांचे कापड भिजले, तर त्याची भरपाई मोटार विम्यात बसत नाही. त्यासाठी मालवाहतुकीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. रस्त्याने जाणाऱ्या मालाच्या या विम्यालाही धंद्यात ‘मरीन’ असेच म्हणतात. ज्यांचा माल आठवड्याला जातो, त्यांना वर्षभराच्या उलाढालीवर एकच पॉलिसी घेता येते.

मालाबरोबर बसलेला मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी १९९४ च्या दुरुस्तीपासून सक्तीच्या विम्यात धरला जातो. मात्र वाटेत हात दाखवून बसलेला फुकटचा प्रवासी मालवाहू गाडीच्या विम्यात येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. हमाल आणि पगारी ड्रायव्हर यांची संख्या पॉलिसीत लिहून घ्यावी. त्याचा जादा हप्ता किरकोळ असतो.

ड्रायव्हरचा परवाना चालू आहे ना, हे मालकाने स्वतः पाहावे. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले. त्यामुळे छोट्या टेम्पोंच्या बाबतीतला जुना वाद मिटला आहे.

मालक स्वतः गाडी चालवीत असेल, तर त्याच्यासाठी किमान १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. परंतु गाडी भागीदारी पेढीच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल, तर हा मालक-चालक विमा मिळत नाही. कर वाचविण्यासाठी पेढीच्या नावावर गाडी घेणाऱ्यांनी स्वतःचा अपघात विमा अलग काढून ठेवावा.

जुनी गाडी घेताना

विकलेल्या गाडीची नोंद आपल्या नावावरून उतरवून घेतल्याशिवाय राहू नये. नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव, तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरविले आहे. गाडी चार हात फिरली तरी भरपाईची नोटीस त्यालाच येते. घेणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज द्यावा. दावा न केल्याबद्दलची सूट गाडीबरोबर जात नाही, ती विकणाऱ्याजवळ राहते व त्याच्या नव्या गाडीला लागते. ही सूट पहिल्या वर्षी २० टक्के आणि पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून दीड-दोन हजारांच्या ओरखड्यासाठी दावा करण्यापूर्वी हिशेब करावा. मुदत संपून ९० दिवस गेले तर ही सूट बुडते.

दावा करताना

अपघात होताच कंपनीला कळवावे. चोरी झाली किंवा कोणाला इजा झाली असेल, तर पोलिसांत नोंद हवीच. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नये. गाडीचे फोटो काढून ठेवावेत. दावा नाकारला तर कारण लेखी मागावे व कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबई, पुणे व ठाणे येथे आहेत. एकट्याच्या मालकीचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग यांनाही तेथे दाद मागता येते, फी लागत नाही आणि वकिलाची गरज नसते.

यंदा नूतनीकरणाची तारीख येईल तेव्हा एजंटाला पाच प्रश्न विचारावेत. ही पॉलिसी नुसती थर्ड पार्टी आहे की पॅकेज? गाडीची किंमत किती धरली? वापर काय लिहिला? ड्रायव्हर व हमाल यांची नोंद आहे का? गाडी ज्याच्या नावावर, त्याचा अपघात विमा आहे का? उत्तरे तोंडी न घेता पॉलिसीच्या कागदावर बोट ठेवून घ्यावीत. पैसे चेकने दिले असतील तर तो वटल्याची खात्री करावी. चेक परत गेला तर कंपनी पॉलिसी रद्द करू शकते. दहा मिनिटांचे हे काम आहे, आणि ते दुकान उघडण्यापूर्वी सकाळीच होऊन जाते.