नव्या रिक्षाचे पहिले हजार किलोमीटर

नवी रिक्षा शोरूममधून बाहेर पडली, हार घातला, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू ठेवले, की पुढचा प्रश्न येतो तो अ‍ॅव्हरेजचा. ‘किती देते?’ जालन्यात अंबड चौफुलीवर उभे राहा की गांधी चमनला, रिक्षावाल्यांच्या घोळक्यात नव्या गाडीची चौकशी याच प्रश्नाने सुरू होते आणि पहिल्या आठवड्यात त्याचे उत्तर बहुधा नाराजीचे असते. विक्रेत्याने सांगितलेला आकडा एक आणि खिशाला लागणारा हिशेब दुसरा. मग कोणी म्हणतो गाडीच खराब लागली. कोणी म्हणतो, दाबून पळव, आपोआप मोकळी होईल. कोणी म्हणतो, महिनाभर वीसच्या वर जाऊच नकोस. मंडळी, या तिन्ही सल्ल्यांत मालकाचे नुकसान आहे. नव्या इंजिनाचे पहिल्या आठवड्यातले अ‍ॅव्हरेज हे त्याचे खरे अ‍ॅव्हरेज नसतेच. ते अजून यायचे असते. किती येणार, हे मात्र बऱ्याच अंशी याच दिवसांत ठरते.

रिक्षा ही मुळात तीन चाकांची मोटारसायकल आहे. स्टिअरिंगच्या जागी हँडल, उजव्या मुठीत रेस, डाव्या मुठीत क्लच आणि बहुतेक गाड्यांत गिअरही. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत पियाजिओ कंपनीने व्हेस्पा स्कूटर काढली आणि १९४८ साली तिलाच मागे दोन चाके जोडून सामान वाहण्याची गाडी केली. व्हेस्पा म्हणजे इटालियन भाषेत गांधीलमाशी, आणि या तीनचाकीचे नाव ‘आपे’, म्हणजे मधमाशी. आपण तिला अ‍ॅपे म्हणतो, आणि आता ती बारामतीत तयार होते. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, तोही आपल्याच शेजारी. ग्रीव्हज कॉटन कंपनीची एका सिलिंडरची डिझेल इंजिने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बनून देशभरच्या तीनचाकींत बसली. तेव्हा ज्या यंत्राबद्दल आपण बोलतो आहोत ते काही परके नाही.

पण स्कूटरचे इंजिन दोन माणसे ओढते. रिक्षाचे इंजिन त्याच वंशातले, जरा मोठे, आणि त्याच्यावर चालक, प्रवासी, भाजीची पोती, टपावरची सायकल. स्कूटरमालक चुकला तर त्याचे दोन-चार रुपये जातात. रिक्षावाल्याचे काय जाते ते पाहा. समजा दिवसाला शंभर किलोमीटर फिरणे झाले आणि हिशेबाच्या सोयीसाठी पेट्रोल शंभर रुपये लिटर धरले. लिटरला २५ किलोमीटर जाणारी रिक्षा चारशे रुपयांचे पेट्रोल पिते, ३० जाणारी सुमारे ३३३ रुपयांचे. फरक रोजचा ६७ रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर सतराशेच्या वर, वर्षाचे वीस हजारांहून अधिक. बँकेचा हप्ता यातूनच जायचा असतो.

आता इंजिनाच्या पोटात काय चालते ते पाहू. जुन्या घरांतल्या बायकांना हे लगेच कळेल. जात्याला नवी टाकी लावली की पहिले दळण खरखरीत येते, पिठात दगडाची कचकच लागते. म्हणून आधी थोडे हलके धान्य दळून ते टाकून देत, मग घरचे दळण. सिलिंडरलाही कारखान्यात अशीच टाकी लावतात. त्याच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरप्या रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या, कोरलेल्या असतात. या रेघांत तेल धरून राहते. त्यांच्या धारदार कडा मात्र पिस्टनच्या रिंगांना घासून काढायच्या असतात आणि रिंगांनीही त्या कडा झिजवायच्या असतात. दोघांची एकमेकांशी जोडी जमली की रिंग भिंतीला सगळीकडून टेकते. मेकॅनिक याला ‘रिंगा बसल्या’ म्हणतो. तोवर जळलेला वायू फटीतून खाली निसटतो, त्याच्याबरोबर ताकदही निसटते, आणि घर्षण जास्त असल्याने उरलेली ताकद स्वतःलाच फिरवण्यात खर्च होते. अ‍ॅव्हरेज कमी पडते ते म्हणून.

रिंग भिंतीवर दाबते कोण? तिचा स्वतःचा ताण थोडाच असतो. खरा दाब देतो तो वर पेटलेला वायू. तो रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. म्हणजे इंजिनाला थोडे काम दिले तरच रिंग नीट टेकते. काही ठिकाणी नवी गाडी किंवा बोअर केलेले इंजिन तासन्‌तास जागेवर चालू ठेवतात, मोकळे व्हावे म्हणून. तिथे दाब नसतो. रिंग नुसती घसरत राहते, भिंतीवरचे तेल भाजून काचेसारखा लुकण चढतो, आणि मग ती रिंग पुढे कधीच नीट बसत नाही. असे इंजिन जन्मभर तेल खाते. वीसच्या वर न जाण्याचा सल्ला याच जातीचा, थोडा सौम्य.

उलट टोकाला दाबून पळवणारा. त्याच्या गाडीत दाब भरपूर, पण उष्णताही भरपूर. न जमलेल्या भागांच्या उंचवट्यांवर तेलाचा पापुद्रा फाटतो, धातू धातूला चिकटतो, ओरखडे पडतात. आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. गाड्या घ्यायचे मुहूर्त दोन, दसरा आणि पाडवा. दसऱ्याची गाडी निदान हिवाळ्याच्या तोंडावर रस्त्यावर येते. पाडव्याची गाडी आपले पहिले हजार किलोमीटर चैत्र-वैशाखात काढते, जेव्हा दुपारी डांबर मऊ झालेले असते आणि पारा चाळिशीच्या वर. माझे ऐकाल तर पाडव्याची गाडी पहिले दोन-तीन आठवडे सकाळ-संध्याकाळच धंद्याला काढावी.

मग मधला मार्ग कोणता? बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत पहिल्या हजार, काहींत दोन हजार किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा गिअरनुसार दिलेली असते. ती पुस्तिका आपल्याकडे पासिंगच्या कागदांबरोबर पेटीत जाते आणि पेटीतच राहते. ती काढून एकदा वाचावी. रेसची मूठ पाऊण भागाच्या पुढे पिळू नये. एकाच वेगाने तासभर जाऊ नये. वेग कमी-जास्त होत राहिला की रिंगेवर दाब चढतो, उतरतो, तेलही फिरते. या दृष्टीने शहरातल्या जुना जालना-नवा जालना अशा फेऱ्या नव्या गाडीला चांगल्या, आणि संभाजीनगरपर्यंतचा साठ-एक किलोमीटरचा एकदम पल्ला वाईट. (समृद्धी महामार्गाचा मोह तर नाहीच. तो जिल्ह्यातून गेला असला तरी तीनचाकीला त्यावर मज्जाव आहे.)

सगळ्यात जास्त इंजिने बिघडतात ती एका वेगळ्याच सवयीने, आणि गंमत म्हणजे ती सवय इंधन वाचवण्यासाठी लावून घेतलेली असते. लवकर टॉप गिअर टाकायचा आणि मग गाडी कितीही रडली तरी खाली उतरायचे नाही. रिक्षाचे हवेवर थंड होणारे इंजिन मागे, बंद डब्यात असते. मोटारसायकलसारखा समोरचा वारा त्याला लागत नाही. त्याला वारा घालतो तो त्याच्याच दांड्यावर बसवलेला पंखा. इंजिन हळू फिरले की पंखाही हळू. टॉप गिअरवर, भरल्या गाडीने, चढावर इंजिन घरघरत ओढत असते तेव्हा आत उष्णता सर्वांत जास्त आणि वारा सर्वांत कमी. त्या वेळी गिअर खाली टाकून इंजिनाला मोकळे फिरू देणे हे नव्या गाडीला औषध आहे, आणि इंधनही त्यात फारसे वाया जात नाही.

आणि ओझे. राजूरच्या गणपतीला अंगारकी चतुर्थी आली की जालन्याच्या स्टँडवर कोणत्या रिक्षात किती माणसे बसतात हे मी सांगायला नको. हप्ता डोक्यावर असताना नव्या गाडीवाल्याने तो दिवस सोडावा म्हणणे सोपे, सोडणे अवघड. पण साठ किलोचा एक माणूस धरला तर सहा जण म्हणजे ३६० किलो, जवळपास रिक्षाच्या स्वतःच्या वजनाएवढे. परवान्यापेक्षा जास्त माणसे भरणे कायद्याने गुन्हा आहे आणि धोक्याचे आहे, हे तर झालेच. पण नव्या रिक्षाने त्या एका दिवशी कमावलेले पैसे पुढची कित्येक वर्षे थेंबाथेंबाने परत जातात, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

तेलाबद्दल जुन्या काळचा एक समज अजून चिकटून आहे. टू-स्ट्रोक रिक्षा होत्या तेव्हा पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे आणि नव्या गाडीला ते जरा जास्त टाकत. त्या इंजिनात ते बरोबर होते, कारण पिस्टनला तेल मिळायचा दुसरा रस्ताच नव्हता. आजच्या फोर-स्ट्रोक इंजिनात तेलाचा साठा खाली वेगळा असतो. त्याच्या पेट्रोलमध्ये ऑइल टाकले तर फक्त काजळी धरते. खरी काळजी घ्यायची ती पहिल्या तेलबदलाची. पुस्तिकेत सांगितलेल्या किलोमीटरला, इंजिन गरम असताना, तेल काढून पाहा. उन्हात धरले की त्यात चमकी दिसेल. ती रिंगांची, गिअरची, भिंतीवरच्या रेघांची झीज आहे. एवढी झीज अपेक्षितच असते, पण ती आत फिरत राहिली तर पॉलिश कागदाचे काम करते. परतूर-मंठ्याकडच्या रिक्षावाल्याला जालन्याला येऊन सर्व्हिसिंग करायचे म्हणजे दिवसाचा धंदा बुडतो, म्हणून तो ‘पुढच्या महिन्यात’ म्हणतो. पहिली सर्व्हिसिंग तरी त्याने बुडवू नये. टॅपेट, क्लचची केबल, ब्रेक, सगळे याच काळात सैल किंवा घट्ट होते.

धूळ हा आपल्याकडचा दुसरा शत्रू. उन्हाळ्यात शेतरस्त्यावर समोरच्या ट्रॅक्टरमागे पाच मिनिटे रिक्षा चालली की एअर फिल्टरवर थर बसतो. फिल्टर तुंबला की इंजिन गुदमरते आणि इंधन जास्त मागते. फाटला तर त्याहून वाईट, मातीतली बारीक वाळू थेट सिलिंडरमध्ये जाते. कागदी फिल्टरला हवा मारायची ती आतून बाहेर. बाहेरून मारली की धूळ आणखी आत रुतते.

इंजिनाबाहेरही इंधन जाते. खेड्यातल्या रस्त्याला दोन चाकोऱ्या असतात. बैलगाडीची आणि जीपची चाके त्यांत बरोबर बसतात. रिक्षाचे पुढचे एकटे चाक मात्र मधल्या वरंब्यावर, खडी आणि मातीतून चालते. त्यात हवा कमी असली तर ते नांगरासारखे रुतते. मागच्या दोन चाकांत हवा सारखी नसेल तर गाडी एका बाजूला ओढते आणि चालक दिवसभर हँडल धरून तिच्याशी भांडतो. नव्या गाडीचे ब्रेकही अंग धरलेले असतात. आठ-दहा किलोमीटर चालवून, ब्रेक फारसा न मारता थांबा आणि तिन्ही ड्रमजवळ हात नेऊन पाहा. एक ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल तर तो ब्रेक धरतो आहे. वेगाचेही तसेच. रिक्षाचे तोंड सपाट, वारा कापणारे नव्हे. चाळीसवरून पन्नासवर गेले की वाऱ्याचा विरोध दीडपटीहून अधिक होतो.

आता मोजायचे कसे? पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६ सालची संस्था आहे. गाडी रोलरवर चढवून, ठरलेल्या वेगांच्या ठरलेल्या क्रमाने चालवून तिथे आकडा काढतात. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उत्तम. पण त्या रोलरवर अंबड रस्त्याचे खड्डे नसतात. आपला आकडा आपणच काढावा. टाकी काठोकाठ भरा, मीटर लिहा, दोनशे किलोमीटर चाला, त्याच पंपावर पुन्हा तेवढीच भरा, आणि चाललेल्या किलोमीटरला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागा. रिझर्व्हच्या अंदाजाने काढलेले अ‍ॅव्हरेज विसरा. सीएनजीवर हिशेब किलोचा, आणि उन्हात तापलेल्या टाकीत गॅस कमी बसतो, म्हणून दोन्ही वेळा पहाटे भरा. पेट्रोलवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. २०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच. तेव्हा शेजाऱ्याच्या दहा वर्षांपूर्वीच्या आकड्याशी आपला आकडा ताडून दोष गाडीला देऊ नये.

पाचशे, हजार, दोन हजार आणि तीन हजार किलोमीटरला असे मोजून वहीत लिहा. आकडा हळूहळू वर चढताना दिसेल, मग स्थिरावेल. तीन हजारांनंतरही तो चढलाच नाही, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आहे आणि तेलाची पातळी आठवड्याला उतरते आहे, तर रिंगा बसलेल्या नाहीत. मग ओळखीच्या मेकॅनिककडून इंजिन उघडू नका. वॉरंटी संपायच्या आत, वही आणि तेलबदलाच्या पावत्या घेऊन, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जा आणि तक्रार लेखी द्या.