भरलेली मेमरी आणि रिकामे चौकोन

लिनक्सचा डेस्कटॉप नव्याने वापरू लागलेल्या माणसाच्या दोन फिर्यादी बहुधा ठरलेल्या असतात. फारसे काही चालू नसतानाही मेमरी संपत आलेली दिसते, ही पहिली. आणि पडद्यावरचे मराठी एक तर चौकोन होऊन उभे राहते किंवा त्याची जोडाक्षरे मोडून पडतात, ही दुसरी. या फिर्यादी सर्वस्वी खोट्या नसतात; परंतु आरोपी म्हणून ज्याला उभे केले जाते तो बहुतेक वेळा निर्दोष असतो, आणि कारणाचा तपास होण्यापूर्वीच उपायांची अंमलबजावणी सुरू झाल्यामुळे चांगला चालणारा संगणक नाहक बिघडतो.

मेमरी जितकी रिकामी तितका संगणक वेगवान, हा यांतला सर्वांत रूढ समज. वस्तुतः डिस्कवरून एकदा वाचलेली फाईल पुन्हा लागेल या अपेक्षेने कर्नल ती मोकळ्या मेमरीत जपून ठेवतो, आणि एखाद्या प्रोग्रामला निकड लागताच ती जागा विनातक्रार सोडून देतो. म्हणून टर्मिनलमध्ये ‘फ्री’ ही आज्ञा दिल्यावर, समजा, ८ जीबीच्या संगणकावर ‘फ्री’ या रकान्यात जेमतेम ३०० एमबी, ‘बफ/कॅश’मध्ये ४ जीबी आणि ‘अव्हेलेबल’मध्येही ४ जीबीच्या आसपास आकडा दिसला, तर निवाडा त्या शेवटच्या रकान्यावरून करावयाचा असतो. पेढीच्या गल्ल्यातली रोकड तेवढी मोजून आणि मागताक्षणी परत येणाऱ्या रकमा हिशेबात न धरता पेढीचे दिवाळे निघाल्याची दवंडी पिटणे जितके न्याय्य, तितकेच ‘फ्री’चा रकाना पाहून मेमरी संपल्याचे सांगणे न्याय्य. उपलब्ध मेमरीचा हा अंदाज कर्नल स्वतः देऊ लागला तो २०१४ सालच्या ३.१४ या आवृत्तीपासून, आणि त्याआधीच्या काळातले सल्ले अद्याप हातोहात फिरत असल्यामुळे गोंधळ टिकून आहे. कॅश सक्तीने रिकामी करण्याची जी सोय कर्नलमध्ये आहे ती चाचणीसाठी ठेवलेली आहे. ती दर तासाला आपोआप चालावी अशी तजवीज करणारी माणसे तीच फाईल डिस्कवरून पुन्हा वाचण्याचे काम संगणकाच्या माथी मारतात, एवढेच.

स्वॅपविषयीचा, म्हणजे मेमरीतली पाने (तिचे छोटे तुकडे) हलवून ठेवण्याच्या डिस्कवरच्या जागेविषयीचा, ग्रह याहून चिवट आहे. ‘स्वॅपिनेस’ या मूल्याचा मूळ आकडा ६० असतो, आणि मेमरी अमुक टक्के भरली की स्वॅप सुरू होतो असा त्याचा अर्थ जाणकार म्हणवणारेही करतात. प्रत्यक्षात जागा मोकळी करण्याची वेळ आली असता प्रोग्रामांची स्वतःची पाने हलवावी की फाइलींची कॅश सोडावी, यांतल्या कलाचे ते केवळ निदर्शक आहे. स्वॅपमध्ये काही एमबी पडून आहेत यावरूनही काही सिद्ध होत नाही, कारण बरेच दिवस न लागलेली पाने तेथे सुखाने राहू शकतात. ‘व्हीएमस्टॅट १’ ही आज्ञा दिल्यावर ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे दोन रकाने सेकंदामागून सेकंद शून्यावर येईनात, तेव्हा मात्र खरी ओढाताण चालली आहे असे समजावे. स्वॅप समूळ बंद करणे हा त्यावरचा तोडगा नव्हे. मेमरी खरोखर संपली की मग प्रोग्रामांचा कोडच पुनःपुन्हा हाकलून पुन्हा वाचण्याची पाळी येते आणि माऊसचा बाणही जागचा हलेनासा होतो.

निरनिराळ्या प्रोसेसच्या ‘आरएसएस’च्या, म्हणजे प्रत्येकीने मेमरीत व्यापलेल्या जागेच्या, आकड्यांची बेरीज करून ब्राऊझरवर आरोपपत्र ठेवण्याची प्रथाही अशीच सदोष आहे, कारण सामायिक लायब्ररींची तीच पाने त्या बेरजेत प्रत्येकाच्या नावे पुन्हा धरली जातात. ‘एसमेम’ हे साधन ‘पीएसएस’ दाखवते, म्हणजे सामायिक पानांचा भार वाटेकऱ्यांत विभागून देते, आणि बेरीज करण्याजोगा आकडा तोच. तो एखाद्या प्रोसेसच्या बाबतीत काम न वाढताही तासागणिक चढत राहिला, तर गळतीचा संशय रास्त आहे. खिडक्या पडद्यावर दाखवणारा एक्स सर्व्हर फुगलेला दिसला तरी दोष पुष्कळदा त्याचा नसतो. दुसऱ्याच प्रोग्रामाने त्याच्याकडे ठेवून दिलेल्या चित्रांचा तो बोजा असतो, आणि ‘एक्सरेसटॉप’ ही आज्ञा मूळ मालकाचे नाव सांगते.

पुष्कळ फॉन्ट बसवले की मेमरी भरते, या समजुतीत दोन्ही फिर्यादी एकत्र येतात. फॉन्टची फाईल सहसा संपूर्ण वाचली जात नाही. ती प्रोग्रामाच्या पत्त्यांत जोडून ठेवली जाते, जो भाग लागेल तेवढाच मेमरीत येतो, आणि तोही अनेक प्रोग्रामांत सामायिक असतो. प्रत्येक फॉन्टचे नाव त्याच्याच अक्षरांत दाखवणारी यादी उघडली तर वेळ लागेल, हे खरे; पण तो अपवाद.

चौकोनांकडे वळताना ते नीट न्याहाळावेत. जीटीकेच्या प्रोग्रामांत चौकोनात चार बारीक अंक-अक्षरे दिसतात, ती त्या अक्षराची युनिकोड संख्या असते. ती ०९०० ते ०९७एफ यांच्या दरम्यान असेल तर मजकूर शाबूत असून केवळ देवनागरी फॉन्ट हजर नाही, असा निष्कर्ष काढण्यास हरकत नाही. ‘एफसी-लिस्ट :लँग=एमआर’ ही आज्ञा मराठीला पुरे पडणाऱ्या फॉन्टांची यादी देते, आणि यादी रिकामी आल्यास लोहित किंवा नोटो बसवून काम भागते. उलटपक्षी चौकोनांऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन खिचडा दिसत असेल तर तो बहुधा युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टांत, श्रीलिपीसारख्या, टंकलेला मजकूर असतो. महाराष्ट्रातल्या छापखान्यांची जुनी दप्तरे अशा फाइलींनी भरलेली आहेत, आणि तेथे नवे युनिकोड फॉन्ट कितीही बसवले तरी मजकुराचे रूपांतर केल्यावाचून गत्यंतर नाही.

जोडाक्षरे मोडतात तेव्हा फॉन्ट बदलण्याची घाई होते. परंतु फॉन्ट निवडणे हे फॉन्टकॉन्फिगचे काम, अक्षरांची जुळणी बहुधा हार्फबझचे आणि अक्षराकृती रंगवणे फ्रीटाईपचे. एकाच फॉन्टातले ‘क्ष’ एका प्रोग्रामात अखंड आणि दुसऱ्यात हलन्त दिसत असेल, तर दोष जुळणीचा आणि म्हणून त्या दुसऱ्या प्रोग्रामाचा. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येण्याचे कारण वेगळेच: पुष्कळ फॉन्टांत मराठी वळण असते, परंतु मजकूर मराठीचा आहे हे प्रोग्रामाला कोणी कळवलेले नसते. ‘एमआर_आयएन’ ही लोकॅल निवडली, किंवा वेबपानावर भाषेची नोंद केली, की अशा फॉन्टांत वळण आपोआप बदलते.

अंधुक अक्षरांबद्दल लिनक्सची जी बदनामी झाली तिला एकेकाळी आधार होता. ट्रूटाईप फॉन्टांतल्या हिंटिंगच्या, म्हणजे अक्षराकृती पिक्सेलांशी जुळवून घेण्याच्या, सूचनांवर पेटंटे होती आणि ती २०१० साली संपेपर्यंत फ्रीटाईप त्या सूचना आपणहून पाळत नसे. आज एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडच्या डेस्कटॉपवर १२५ किंवा १५० टक्के आकार ठेवलेला असताना एखादीच खिडकी धुरकट दिसली, तर ती बहुधा एक्सवेलँडमार्फत, म्हणजे एक्सचे प्रोग्राम वेलँडवर चालवणाऱ्या सोयीमार्फत, चाललेली असते आणि तिचे चित्र ताणून दाखवले जात असते. याची खात्री करण्यास ‘एक्सआईज’ हे जुने गमतीचे साधन उत्तम: माऊस संशयित खिडकीवर फिरवताना त्यातले डोळे त्याच्यामागे फिरले तर खिडकी एक्सची, आणि ढिम्म राहिले तर ती मूळ वेलँडची असून मग हिंटिंगची सेटिंगे तपासावी लागतात.