सायक्लिक जीएमपी : पेशीच्या आतला निरोप्या

हृदयविकाराच्या रुग्णाला छातीत कळ आली की जिभेखाली एक बारीकशी गोळी धरायला सांगतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरात कुणा ना कुणाच्या खिशात ती असतेच. थोड्याच वेळात कळ ओसरते. ही गोळी नायट्रेट गटातली आणि या गटाचं जुनं औषध म्हणजे नायट्रोग्लिसरीन. विल्यम मरेल या इंग्रज डॉक्टरने १८७९ मध्येच ते या दुखण्यावर वापरलं होतं. पण ते शरीरात नेमकं करतं काय, हे कळायला पुढची जवळजवळ शंभर वर्षं जावी लागली. आज आपण ज्या रेणूबद्दल बोलणार आहोत, त्याच्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही.

मागच्या वेळी आपण सायक्लिक एएमपी पाहिला. सायक्लिक जीएमपी हा त्याचा चुलतभाऊ म्हणा ना. पेशीत जीटीपी नावाचा रेणू असतो, त्याला तीन फॉस्फेट जोडलेले असतात. त्यातले दोन तोडायचे आणि उरलेल्या एकाचं टोक वळवून त्याच रेणूला पुन्हा जोडायचं, की कडं तयार होतं. म्हणून 'सायक्लिक'. हे काम करणारं विकर म्हणजे ग्वानिलिल सायक्लेज. आणि हे कडं फोडून टाकणारी विकरं म्हणजे फॉस्फोडायएस्टरेज. आपण त्यांना पीडीई म्हणू. एक हौद डोळ्यांसमोर आणा. सायक्लेज म्हणजे नळ, पीडीई म्हणजे मोरी. हौदात पाणी किती, हे दोन्हींवर ठरतं. हे चित्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा रेणू पहिल्यांदा सापडला १९६३ मध्ये, तोही उंदराच्या लघवीत. सापडला खरा, पण याचं काम काय, ते काही केल्या कळेना. १९७७ मध्ये फरीद मुराद यांनी दाखवलं की नायट्रोग्लिसरीनसारख्या औषधांतून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि तो ग्वानिलिल सायक्लेजला कामाला लावतो. आता बघा, वायू आणि तोही विषारी! असला वायू शरीर स्वतः निरोप द्यायला वापरत असेल, असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं.

दुसरं टोक सापडलं रॉबर्ट फर्चगॉट यांना. सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर ते प्रयोग करत. ॲसिटिलकोलीन दिलं की रक्तवाहिनी सैल पडायला हवी, पण त्यांच्या पट्ट्या आखडत. कारण निघालं अगदी साधं. पट्टी कापताना तिची आतली बाजू घासली जाई आणि तिथला पेशींचा एकेरी थर निघून जाई. थर शाबूत ठेवला की वाहिनी सैल पडे. म्हणजे आतल्या थरातून काहीतरी सुटतं आणि ते शेजारच्या स्नायूला 'सोड' म्हणून सांगतं. हे त्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलं. ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच, हे पुढे सिद्ध झालं. त्यात लुई इग्नारो यांचाही वाटा होता. वायू स्नायूपेशीत शिरतो, सायक्लेजमधल्या लोहाला चिकटतो, सायक्लिक जीएमपी वाढतो. तो पुढे पीकेजी नावाच्या विकराला जागं करतो, पेशीतलं कॅल्शियम उतरतं आणि स्नायू सैल होतो. या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. गंमत अशी की खुद्द आल्फ्रेड नोबेल यांचा डायनामाइट याच नायट्रोग्लिसरीनचा, आणि शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या हृदयासाठी लिहून दिलं तेही हेच!

त्याच १९९८ मध्ये सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, बाजारात आलं. मुळात त्याची चाचणी हृदयासाठीच चालली होती. ते नळाला हात लावत नाही, पीडीई-५ ही मोरी बंद करतं. आता आपला हौद आठवा. नायट्रेटने नळ पूर्ण सोडलाय आणि सिल्डेनाफिलने मोरीत बोळा कोंबलाय. सायक्लिक जीएमपी भरून वाहतो, रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात आणि रक्तदाब इतका खाली जातो की जीवावर बेतू शकतं. म्हणून ही दोन औषधं एकत्र चालत नाहीत. खरी अडचण रसायनाची नाहीच, संकोचाची आहे. छातीत कळ घेऊन आलेला माणूस बायको-मुलांसमोर 'काल ती गोळी घेतली होती' असं सांगत नाही, आणि डॉक्टर नेहमीप्रमाणे नायट्रेट देतात. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं तर सांगायचंच. आणि नाही विचारलं तरी सांगायचं.

आता डोळ्याकडे वळू. इथे मात्र सगळं उलटं आहे, आणि आम्हाला विचाराल तर या रेणूची सर्वांत सुंदर कामगिरी इथलीच. दृष्टिपटलातल्या दंडाकार पेशीत अंधार असताना सायक्लिक जीएमपी भरपूर असतो. तो पेशीच्या पटलातल्या वाहिन्या उघड्या धरून ठेवतो, त्यातून सोडियम आणि कॅल्शियम सतत आत येत राहतात. म्हणजे अंधारात ही पेशी स्वस्थ नसते, चालूच असते! प्रकाशाचा कण आला की ऱ्होडोप्सिन बदलतं, ते ट्रान्सड्युसिनला उठवतं, ट्रान्सड्युसिन पीडीई-६ ला. ही मोरी उघडली की सायक्लिक जीएमपी भराभर फुटतो, वाहिन्या मिटतात, पेशी गप्प होते. ही गप्प होणं हाच मेंदूला जाणारा निरोप. या साखळीतल्या काही पायऱ्यांवर एकाचे अनेक होत जातात, म्हणून प्रकाशाच्या एका कणाचीही दखल ही पेशी घेऊ शकते. वाहिन्या मिटवतं कोण, यावर बराच वाद होता; काही जण कॅल्शियमचं नाव घेत. १९८५ मध्ये सोव्हिएत रशियात फेसेंको आणि सहकाऱ्यांनी बेडकाच्या पेशीच्या पटलाचा तुकडा घेऊन दाखवलं की सायक्लिक जीएमपी स्वतःच वाहिनी उघडतो, मध्ये दुसरं कुणी लागत नाही. जाता जाता, सिल्डेनाफिल घेतल्यावर काहींना सगळं निळसर दिसतं, ते ही पीडीई-६ थोडी अडल्यामुळे.

शेवटी आतड्याकडे. बाहेरगावी गेलं की 'पाणी बाधलं' म्हणतो ना आपण? त्यामागे पुष्कळदा ई. कोलाय जिवाणूची एक जात असते. तिचं एक विष जेमतेम १८-१९ अमिनो आम्लांचं. आतड्याच्या पेशीवर एक ग्वानिलिल सायक्लेज असतं, त्याची खरी किल्ली म्हणजे ग्वानिलिन हे आपलं स्वतःचं संप्रेरक. विष त्याच कुलुपात बसतं आणि नळ उघडाच ठेवतं. सायक्लिक जीएमपी वाढतो, क्लोराइड आतड्याच्या पोकळीत सुटतं, पाठोपाठ पाणी. कॉलऱ्याचं विष असंच करतं, पण सायक्लिक एएमपीमार्फत. दोन्हींत साखर आणि सोडियम जोडीने आत घेणारा मार्ग शाबूत राहतो, म्हणून मीठ-साखरेच्या पाण्याने माणूस वाचतो. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना हेच पाणी पाजलं होतं. आणि त्या विषाच्याच धर्तीवर बनवलेलं लिनाक्लोटाइड हे औषध २०१२ पासून जुन्या बद्धकोष्ठावर अमेरिकेत वापरलं जातं.