चित्र पाहिले, मजकूर राहिला

परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिका वाटण्यापूर्वी आम्ही शिक्षक मुलांना वर्षानुवर्षे एकच सूचना देत आलो आहोत: प्रश्न पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा. तरीही 'कोणतेही तीन सोडवा' असे छापलेले असता पाचही सोडविणारे विद्यार्थी दर वर्षी निघतातच. त्यांना वाचता येत नाही असे नव्हे. त्यांना घाई असते. मोबाईलवर खरेदी करणाऱ्या आपणां मोठ्या माणसांची स्थिती याहून फारशी निराळी नाही, हे नुकत्याच घडलेल्या एका प्रसंगावरून ध्यानी आले.

लोद येथील आमच्या परिचयाच्या एक भगिनी मुंबईहून साड्या आणवून मोबाईलवरून विकतात. आपल्याकडे मेंदीचा समारंभ आजही हौसेने होत असल्यामुळे त्यांच्या साड्यांना मागणी असते. प्रत्येक छायाचित्राखाली साडीची लांबी, कापड व धुण्याची रीत त्या हिब्रूत लिहीत असत. बेर-शेवा येथील एका कुटुंबाने नवरीच्या मेंदीसाठी एक हिरवी साडी त्यांच्याकडून मागविली. ती आठ दिवस आधीच घरपोच झाली, कपाटात ठेवली गेली आणि मेंदीच्या आदल्या रात्री उघडली गेली. लागलीच लोदला फोन आला, "ब्लाऊजपीस कुठे आहे? फोटोतल्या मुलीने तर त्याच कापडाचे पोलके घातले आहे. तुम्ही आम्हांला फसविले!"

विक्रेत्या बाईंनी मजकूर दाखविला. सातव्या ओळीत स्पष्ट लिहिले होते: लांबी साडेपाच मीटर, ब्लाऊजपीस समाविष्ट नाही. मग चौकशी झाली. साडी पसंत केली होती नवरीच्या आजीने आणि पैसे भरले होते नातवाने. आजीची हिब्रू बाजारहाटापुरती. बारीक अक्षरांच्या वाटेला ती गेलीच नाही. नातू याच देशात जन्मलेला. त्याने सातवी ओळ वाचलीही होती, परंतु ब्लाऊजपीस म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हते, म्हणून ती ओळ त्याने सोडून दिली. आजीला वस्तू कळत होती, अक्षरे येत नव्हती. नातवाला अक्षरे येत होती, वस्तू कळत नव्हती. दोघे एकाच कोचावर बसलेले असूनही मजकूर न वाचलेलाच राहिला.

शेजारणीचे पोलके उसने आणून वेळ निभावली. परंतु एकमेकांच्या लग्नकार्यांना जाणाऱ्या दोन घरांत 'फसविले' हा शब्द येऊन गेला, आणि त्या भगिनींना साडीच्या किमतीपेक्षा तोच अधिक लागला.

कायद्याचा आधार नव्हता काय? होता. आपल्या देशाच्या १९८१ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये व्यापाऱ्याकडून दुरून केलेली खरेदी साधारणतः वस्तू हाती आल्यापासून १४ दिवसांत रद्द करता येते. वस्तू वर्णनाप्रमाणे असूनही परत करावयाची असल्यास विक्रेता किमतीच्या ५ टक्के किंवा १०० शेकेल, यांपैकी जी रक्कम कमी असेल, तेवढीच कापून घेऊ शकतो. नाशवंत माल आणि खास आपल्यासाठी बनविलेली वस्तू यांना ही सवलत नाही. तसेच स्वतःचे जुने कपाट विकणारा खासगी गृहस्थ या कायद्याच्या अर्थाने व्यापारी ठरत नाही. कायद्याने पैसे परत मिळाले असते. दुसऱ्या दिवशीच्या मेंदीला त्याचा उपयोग नव्हता.

आपल्या पूर्वसूरींनी या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. मिश्नेतील बाबा बात्रा या भागाच्या पाचव्या अध्यायात गव्हाच्या विक्रीचे नियम आहेत. चांगला म्हणून विकलेला गहू वाईट निघाला, तर घेणाऱ्यास माघार घेता येते. वाईट म्हणून विकलेला चांगला निघाला, तर विकणाऱ्यास तो हक्क आहे. पण वाईट असे सांगून विकला आणि वाईटच निघाला, तर कोणालाही माघार घेता येत नाही. सांगितलेल्या शब्दाला एवढे मोल आहे. मात्र तो शब्द घेणाऱ्याच्या कानी पडला पाहिजे, हेही तितकेच खरे.

यास्तव दोन्ही बाजूंस काही सुचवावेसे वाटते. घेणाऱ्यांनी निदान चार हिब्रू शब्दप्रयोग ओळखावेत. 'लो कोलेल' म्हणजे समाविष्ट नाही. 'इसूफ अत्स्मी' म्हणजे स्वतः येऊन न्यावे. 'कमो शेहू' म्हणजे आहे त्या स्थितीत. आणि 'हात्मुना लेहामखाशा बिल्वाद' म्हणजे चित्र केवळ कल्पना येण्यासाठी. यांपैकी एकही दिसला की तेथे थांबावे व शंका विचारावी. वस्तू घरी येताच उघडून पाहावी. समारंभाची वाट पाहू नये.

विकणाऱ्यांनी, वस्तूत जे नाही ते पहिल्या ओळीत लिहावे, सातव्या नव्हे. जे देणार नाही ते चित्रात दाखवू नये. "लिहिले तर होते" हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नसते. वर्गात निम्म्या मुलांनी प्रश्नाचा अर्थ चुकीचा घेतला, तर शहाणा शिक्षक आपलाच प्रश्न पुन्हा तपासतो.

लोदच्या त्या भगिनी आता साडीची घडी घालून, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढतात. मजकूर हिब्रू व मराठी दोन्हींत लिहितात, आणि पैसे घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाकडून लांबी व ब्लाऊजपीसविषयी वदवून घेतात. त्यांचा वेळ जातो खरा. परंतु तंटे कमी झाले, असे त्या सांगतात.

आपल्या घरांत एक पिढी वस्तू जाणते व दुसरी अक्षरे जाणते, ही आपली आजची परिस्थिती आहे. पुढील खरेदीच्या वेळी नातवाने मजकूर मोठ्याने वाचावा, आजीने तो ऐकून अर्थ सांगावा, आणि मगच बोटाने बटण दाबावे. या निमित्ताने नातवाला ब्लाऊजपीस म्हणजे काय हे कळेल आणि आजीला 'लो कोलेल' वाचता येईल.