संकेतस्थळ निर्देशिका

संकेतस्थळ निर्देशिका म्हणजे माणसांनी निवडून विषयवार लावलेली संकेतस्थळांची सूची होय. शोधयंत्र पाने यंत्राद्वारे वाचते. निर्देशिकेतील नोंद मात्र संपादक तपासतो. ग्रंथालयातील विषयवार तालिकेशी तिचे साम्य आहे.

== इतिहास ==
जेरी यांग व डेव्हिड फिलो यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली याहू ही मुळात निर्देशिकाच होती. भारतात राजेश जैन यांनी १९९५ मध्ये मुंबईतून 'इंडियावर्ल्ड' सुरू केले. 'खोज' ही भारतीय संकेतस्थळांची निर्देशिका त्याच समूहातील होती. सत्यम इन्फोवेने १९९९ मध्ये हा समूह सुमारे ४९९ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. १९९८ मध्ये आरंभ झालेल्या, स्वयंसेवकांनी चालवलेल्या 'डीमॉझ'मध्ये मराठीचाही विभाग होता. याहूची निर्देशिका २०१४ च्या अखेरीस, तर डीमॉझ मार्च २०१७ मध्ये बंद झाली. 'कर्ली' हा डीमॉझचा उत्तराधिकारी प्रकल्प आहे.

== दुव्यांची देवाणघेवाण ==
गूगलच्या 'पेजरँक' पद्धतीत एखाद्या पानाकडे येणारा दुवा ही त्या पानाची शिफारस मानली जाते. त्यामुळे शिफारशींचाच बाजार उभा राहिला. 'तुम्ही आमचा दुवा द्या, आम्ही तुमचा देतो' असे करार झाले आणि पैसे घेऊन कोणतीही नोंद स्वीकारणाऱ्या निर्देशिका निघाल्या. एप्रिल २०१२ मधील 'पेंग्विन' बदलानंतर कृत्रिम दुव्यांवर विसंबलेली अनेक संकेतस्थळे शोधनिकालांत खाली गेली. छोट्या व्यावसायिकाच्या दृष्टीने याचा अर्थ ग्राहक तुटणे असा होतो.

देवाणघेवाण सरसकट निषिद्ध नाही. समान विषयावरील दोन संस्थांनी वाचकाच्या सोयीसाठी परस्परांचा उल्लेख करणे स्वाभाविक आहे. केवळ क्रमवारी वाढवण्यासाठी केलेली अतिरेकी देवाणघेवाण गूगलच्या नियमांत बसत नाही.

== चालकांनी घ्यावयाची काळजी ==
* प्रत्येक नोंद स्वतः पाहून स्वीकारावी. अयोग्य नोंद नाकारावी.
* नोंदीचे वर्णन स्वतःच्या शब्दांत लिहावे.
* परतीच्या दुव्याची अट घालू नये.
* पैसे घेऊन दिलेल्या दुव्याला 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' ही खूण लावावी. नोफॉलो २००५ पासून, तर स्पॉन्सर्ड २०१९ पासून प्रचारात आहे.
* मृत दुवे वेळोवेळी काढावेत.

गूगलच्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या कारवाईची सूचना 'सर्च कन्सोल'मध्ये मिळते. आक्षेपार्ह दुवे दूर करून तेथूनच पुनर्विचाराची विनंती करता येते.

शोधयंत्र नसते तरी हा दुवा दिला असता का, हीच योग्य दुव्याची कसोटी होय.