काउंटरमागची घराणी (लेखांक ६) : एडिनबरातलं ‘वाल्वोना अँड क्रोला’

स्थलांतरितांची दुकानं आधी आपल्याच माणसांसाठी उघडतात. परक्यांनी त्यांची पायरी चढायला बराच काळ जावा लागतो, हे मागच्या लेखांकात पाहिलं. एडिनबरातल्या ‘वाल्वोना अँड क्रोला’ या डेलीची कथा हेच सांगते, फक्त तिच्या मध्यावर एक महायुद्ध येतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोमच्या आग्नेयेकडच्या पिचिनिस्को परिसरातून कित्येक कुटुंबं पोटासाठी स्कॉटलंडला गेली. आइस्क्रीम आणि तळलेले मासे विकून त्यांनी बस्तान बसवलं. गिऱ्हाइकाला मासे-बटाटे खाऊ घालणाऱ्या या घरांत स्वतःच्या ताटात मात्र पास्ताच लागे. त्यासाठीचं चीज, सलामी, ऑलिव्ह तेल आणायचं कुठून? ब्रिटनमध्ये ऑलिव्ह तेल तेव्हा औषधांच्या दुकानात मिळे, तेही कानात घालायला! ही नड वाल्वोना कुटुंबानं हेरली होती. १९३४ मध्ये अल्फोन्सो क्रोला त्यांना येऊन मिळाले आणि लीथ वॉकला लागून असलेल्या एल्म रोवर दुकान थाटलं गेलं.

डेलीच्या फळीवरचा माल नीट पाहा. पार्मा हॅम म्हणजे डुकराची मांडी आणि मीठ. ते वर्षभराहून अधिक मुरवतात. पार्मिजानो चीज किमान १२ महिने पिकवतात. सुका पास्ता, तेल, डब्यातले टोमॅटो हेही लांबचा प्रवास सोसतात. पावाला तो सोसत नाही. तो खाणाऱ्याच्या गावातच भाजावा लागतो. म्हणून परदेशातली इटालियन डेली आणि बेकरी पुष्कळदा एकाच छपराखाली नांदतात.

१० जून १९४० रोजी मुसोलिनीनं ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. त्याच रात्री लीथ वॉकवर जमावानं इटालियन दुकानांच्या काचा फोडल्या, पाठोपाठ पुरुषांची धरपकड झाली. अल्फोन्सोंची रवानगी कॅनडाकडे निघालेल्या ‘अरांडोरा स्टार’ जहाजावर झाली. २ जुलैला आयर्लंडच्या पश्चिमेला जर्मन पाणबुडीनं ते बुडवलं. ब्रिटननं शत्रू ठरवलेल्यांना इटलीच्या दोस्तानंच जलसमाधी दिली. मृत ८००हून अधिक, त्यांत ४००हून अधिक इटालियन. अल्फोन्सो त्यांतले एक.

युद्धानंतर धुरा मुलगा व्हिक्टरकडे आली. ब्रिटनमधलं रेशनिंग १९५४ मध्ये संपलं. पुढे इटली पाहून परतलेले स्कॉटिश लोक तिथली चव शोधत दुकानात येऊ लागले, तेव्हा व्हिक्टरनं त्यांच्यासाठी इटालियन वाइनचाही साठा केला. व्हिक्टरचे भाचे फिलिप कॉन्तिनी आणि पत्नी मेरी यांनी १९९६ मध्ये दुकानामागे कॅफे उघडला. कुटुंबाची ही कहाणी मेरी यांच्या ‘डिअर ऑलिव्हिया’ या पुस्तकात सविस्तर आली आहे.

अस्सल चव जपली म्हणून दुकान टिकलं, हे अर्धंच खरं. माल तोच ठेवून तीन पिढ्यांनी नवं गिऱ्हाईक घडवलं, ही त्यांची खरी कमाई.

(पुढच्या आठवड्यात : न्यू ऑर्लिन्सचं सेंट्रल ग्रोसरी आणि तिथलं मफुलेटा सँडविच.)