पाठमोरी पाटी ओळखा!

मिरजेची माझी भाची सुट्टीत आमच्याकडे धारवाडला आली आणि पहिल्याच दिवशी हिरमुसली. पाचवीत आहे, आणि दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची तिला सवय. दुकानांची नावं, बसवरचे फलक, ट्रकच्या पाठीवरची वाक्यं, काही म्हणून सोडत नाही. इथे मात्र जिकडेतिकडे कानडी! "मावशी, मला परत बालवाडीत घातल्यासारखं वाटतंय," म्हणाली.

संध्याकाळी आम्ही लाइन बाजारात पेढे आणायला निघालो. धारवाडला येऊन पेढे न खाता परत जायचं म्हणजे काय! काकांनी गाडी कडेला घेतली, तोच ही मागच्या सीटवरून ओरडली, "काका, इथे नाही लावायची!"

काकांनी मान वळवून पाहिलं. खांबावर एक गोल पाटी होती. निळी चकती, तिला लाल कडं आणि मधून तिरकी गेलेली एक लाल रेघ. खाली कानडीत एक ओळ.

"अगं, तू कानडी कधी शिकलीस?"

"कानडी कुठे वाचली? चित्र वाचलं!"

मग मी तिला खालची ओळ वाचून दाखवली : 'वाहन निलुगडे निषेधिसलागिदे'. ती खुदकन हसली. वाहन कळलं, निषेध कळला, राहिलं फक्त निलुगडे. कानडीत 'निल्लु' म्हणजे थांब. निलुगडे म्हणजे उभं करणं. वाहनं उभी करायला मनाई आहे! बालवाडीतल्या पोरीने एका ओळीतले दोन शब्द न शिकताच वाचले होते, आणि चित्र तर आधीच वाचलं होतं.

पण मुलांनो, खरी गंमत त्या चित्रातच आहे. आपल्या हुबळी-धारवाडवरून पुणे-बेंगळुरू महामार्ग जातो. त्यावर कोल्हापूरचा ट्रक असतो, तमिळनाडूचा असतो, राजस्थानचाही असतो. प्रत्येक चालकाला प्रत्येक राज्याची लिपी कशी येणार? आणि येत असली तरी भरधाव गाडीतून ओळ वाचत बसायला सवड कुणाला? म्हणून रस्त्याने स्वतःची एक लिपी तयार केली.

ती एका दिवसात झाली नाही. 1909 साली, मोटारी नव्या नवलाईच्या होत्या तेव्हा, पॅरिसमध्ये काही देश एकत्र आले आणि त्यांनी मिळून ठरवलेल्या इशाऱ्याच्या पाट्या होत्या फक्त चार : रस्त्यातला खळगा, वळण, चौक आणि रेल्वे फाटक. पुढे 1968 साली व्हिएन्नात मोठा करार झाला आणि त्यात पाट्यांची भलीमोठी यादी ठरली. आपल्याकडच्या पाट्याही त्याच कुळातल्या.

या लिपीची बाराखडी फार छोटी आहे. गोल पाटी हुकूम सोडते. त्रिकोणी पाटी सावध करते : पुढे वळण आहे, गतिरोधक आहे, शाळा आहे. आणि चौकोनी पाटी माहिती देते : इथे दवाखाना, इथे पेट्रोल पंप, इथे गाडी लावा. गोलांमध्येही दोन स्वभाव आहेत. नुसती निळी चकती म्हणते, 'हे कराच.' लाल कड्याची म्हणते, 'हे करू नका.'

भाचीने लगेच पकडलं. "मग गाडी लावू नका या पाटीत निळा आणि लाल दोन्ही कसे?"

बरोबर विचारलंस! लाल कडं आणि आत निळं ही जोडी दिसली की समजायचं, विषय गाडी उभी करण्याचा आहे. एकच तिरकी रेघ असेल तर गाडी लावून ठेवायला बंदी. आजीला उतरवून लगेच निघालात तर हरकत नाही. पण दोन रेघांची फुली असेल, तर क्षणभरही थांबायचं नाही, आजींनाही पुढेच उतरवायचं. एका रेघेने केवढा फरक पडला बघा.

दुसऱ्या दिवशी आम्ही चिगरीने हुबळीला गेलो. चिगरी म्हणजे कानडीत हरीण. हुबळी आणि धारवाड यांच्यामध्ये सुमारे 22 किलोमीटर धावणारी ही बस. रस्त्याच्या मधोमध तिचा स्वतःचा मार्ग आहे. बाकीच्या गाड्यांना त्यात मज्जाव. खिडकीशी बसून आम्ही एक खेळ काढला. समोरून दिसणाऱ्या पाट्या कुणीही ओळखेल. पलीकडच्या बाजूच्या गाड्यांसाठी लावलेल्या पाट्यांची आपल्याला फक्त करडी पाठ दिसते. ती बघून पाटी ओळखायची!

गोल पाठ दिसली तर हुकूम आहे एवढंच कळतं, कुठला ते नाही. पण दोन पाट्या अशा आहेत की त्या पाठमोऱ्याही नाव सांगतात. आठ कोनांची पाटी म्हणजे 'थांबा', दुसरी कुठलीच पाटी तशी नसते. आणि टोक खाली असलेला त्रिकोण म्हणजे 'आधी दुसऱ्याला जाऊ द्या'. चौकात आडव्या रस्त्याच्या चालकालाही त्यामुळे कळतं की समोरच्याला थांबायचं आहे.

आठ कोन का? 1923 साली अमेरिकेतल्या रस्ते बांधणाऱ्यांनी एक युक्ती काढली : जितका धोका जास्त तितके पाटीला कोन जास्त. सगळ्यांत मोठा धोका रेल्वे फाटकाचा, त्याला गोल पाटी, कारण गोलाला कोन मोजू म्हटलं तर संपतच नाहीत. त्याखालोखाल 'थांबा', त्याला आठ कोन. ती पाटी तिथे 1954 पर्यंत पिवळी होती! उन्हात न विटणारा लाल रंग तोवर नीट जमलाच नव्हता.

रात्री गच्चीत आणखी एक गोष्ट करून पाहिली, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत भारी आहे. भाचीच्या दप्तरावर चंदेरी पट्टी होती. दप्तर दहा-बारा पावलांवर ठेवलं. तिने विजेरी कानाशी धरून उजेड टाकला, तर पट्टी लख्ख पेटली! मी चार पावलं बाजूला उभी होते, मला ती साधी करडी दिसत होती. मग विजेरी माझ्याकडे दिली, तर मला लख्ख आणि तिला करडी.

हे कसं? कॅरम आठवा. स्ट्रायकर तिरका मारला तर कडेला आपटून भलतीकडेच जातो. साधा आरसाही उजेडाला असाच भलतीकडे धाडतो. पण स्ट्रायकर भोक चुकवून कोपऱ्याजवळ मारा : आधी एका कडेला, मग दुसऱ्या कडेला आपटून तो आला त्याच दिशेने परत येतो. काही पाट्यांच्या चकचकीत कागदात असे हजारो इवलेसे कोपरे असतात, काहींत काचेचे बारीक मणी असतात. गाडीच्या दिव्याचा उजेड ते गाडीकडेच परत पाठवतात. म्हणून पाटीला वीज नाही, बल्ब नाही, तरी अंधारात ती चालकाला दिसते. सायकलच्या मागचा लाल तुकडा डोळ्यांजवळ नेऊन बघा, ते कोपरे मोजता येतील. गाई-मांजरांच्या डोळ्यांतही उजेड परतवणारा पडदा असतो, म्हणून विजेरीत ते चमकतात. आणि ऐका : 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 चं 'विक्रम' चंद्रावर उतरलं ना, त्याच्यावर जेमतेम 5 सेंटिमीटर रुंदीचं एक साधन आहे, त्यात असेच आठ कोपरे आहेत. चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकेच्या यानाने त्यावर लेझरचा झोत टाकला आणि तो परत आला. तुमच्या सायकलचा भाऊ चंद्रावर बसलाय!

एवढी हुशार पाटी, पण तिचं सगळं शहाणपण एका गोष्टीपुढे हरतं. हुबळीत एका चौकाजवळ आम्हाला फक्त खांबाचा पाय दिसला. वरची पाटी एका उंच टेम्पोच्या आड गेली होती. पाटी झाकेल अशी गाडी उभी करायला म्हणूनच बंदी आहे. 2017 पासून देशभर लागू असलेल्या वाहन चालवण्याच्या नियमांत ते लिहिलेलं आहे. फुटपाथवर, झेब्रा पट्ट्यांवर, बसथांब्याजवळ, शाळेच्या आणि दवाखान्याच्या फाटकाशी, चौकाच्या तोंडाशी गाडी लावायची नाही, हेही त्यातच आहे.

चौकाच्या तोंडाशी का नाही, ते आम्ही गच्चीत पावलं टाकून मोजलं. ताशी 40 किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढे सरकते. चालकाला काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण सेकंद जातोच. म्हणजे भाचीची 22 पावलं! गच्ची संपली, पावलं उरली. कोपऱ्यावर उभ्या केलेल्या मोटारीआडून एखादं मूल रस्त्यावर आलं, तर ते कदाचित 22 पावलांच्या आतच दिसेल, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी तिथवर पोचलेली. मूल बुटकं, मोटार उंच. ना त्याला गाडी दिसते, ना गाडीवाल्याला ते. 'दोनच मिनिटं लावतो' म्हणणाऱ्या मोठ्यांना हे ठाऊक नसतं असं नाही, घाईत आठवत नाही. मागच्या सीटवरून आठवण करून द्यायला आपण असतोच की.

भाची आता मिरजेला परत गेली आहे. जाताना पेढ्यांच्या खोक्यावरचं 'धारवाड' तिने कानडीत वाचलं.

तुम्ही विजेरीचा प्रयोग घरात किंवा गच्चीत करा, रस्त्यावर नको. आणि तुमच्या गावात आठ कोनांची पाठमोरी पाटी कुठे सापडते, आणि कुठली पाटी गाडीच्या किंवा फांदीच्या आड गेली आहे, ते आम्हाला नक्की लिहून कळवा.